शेजारची भाषा

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली भाषिक फजिती बहुधा पाट्या वाचताना होते. ‘शिक्षा मंत्रालय’ ही अक्षरे पाहून मुलांना हसू आवरत नाही. शिक्षा करण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र खाते उघडावे याचे त्यांना नवल वाटते. चौकातल्या ‘यातायात पुलिस’ या शब्दांत पोलिसांनी आपल्या हालअपेष्टांची कबुली दिली आहे, असा त्यांचा समज होतो. रिक्षावाल्याने ‘खाली है’ म्हटले की वडीलधाऱ्यांचीही नजर नकळत जमिनीकडे वळते. परंतु ही फजिती पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. महिन्याभरात गृहिणी भाजीवाल्याशी घासाघीस करू लागते आणि वर्षाच्या आत मुले आपापसांत हिंदीत भांडू लागतात. त्याच वसाहतीत उतरलेल्या तमिळ किंवा मलयाळी कुटुंबाला एवढा पल्ला गाठायला कितीतरी अधिक कष्ट पडतात. यावरून मराठी माणसाला हिंदी उपजतच येते, असा एक समज दोन्ही बाजूंना रूढ झाला आहे. समज सुखद आहे. म्हणूनच तो इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगा आहे.

युरोपात असाच समज डच लोकांविषयी आहे. ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर कोणालाही इंग्रजीत वाट विचारावी आणि त्याने न अडखळता इंग्रजीत उत्तर द्यावे, हा प्रवाशांचा नित्याचा अनुभव. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या देशांची जी गुणवारी लावली जाते, तीत नेदरलँड्सचे नाव वारंवार अग्रभागी असते. याचे कारण विचारले की पहिले उत्तर मिळते ते भाषांच्या नात्याचे. डच आणि इंग्रजी या दोन्ही पश्चिम जर्मानिक कुळातल्या. पाण्याला इंग्रजीत ‘वॉटर’ म्हणतात, डचमध्ये ‘वाटर’. जर्मनमध्ये मात्र त्याचे ‘वासर’ झाले आहे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. हे नाते सुमारे दीड हजार वर्षांचे. डच माणसाचे सार्वत्रिक इंग्रजी मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचे. त्यापूर्वी डच शाळांत मानाचे पान फ्रेंचकडे होते, व्यापाराला आणि विद्येला जर्मन लागे, आणि इंग्रजी त्यांच्या पंक्तीला बसत असे. आणखी मागे, सतराव्या शतकात, समुद्रावर डचांचा दरारा होता तेव्हा तर प्रवाह उलटा वाहत होता. ‘यॉट’, ‘स्किपर’, ‘डेक’ हे नौकानयनाचे शब्द इंग्रजीने डचांकडून उचलले. नाते तेच राहिले. कोणी कोणाकडून शिकावे हे मात्र काळाप्रमाणे बदलले.

मराठी आणि हिंदी यांचे नातेही असेच जुने आणि उघड आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्याचे ‘राम ने आम खाया’ करताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापदाने कर्माच्या लिंगाप्रमाणे चालायचे, हा परदेशी विद्यार्थ्याला घाम फोडणारा नियम मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. चा-ची-चे आणि का-की-के यांची जुळणी तर कानालाच कळते. शिवाय शब्दांची पुंजी दोन वाटांनी एकत्र आली आहे. संस्कृतातून आलेले शब्द दोघींचे समाईक. आणि शतकानुशतकांच्या फारसी राजवटींतून आलेले जमीन, बाजार, वकील, फौज, खजिना, दुकान हेही समाईक. शिवाजीमहाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या याच यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यावरून त्यांचा पसारा केवढा होता हे ध्यानात येते. कोश झाला, तरी त्यांतले अनेक शब्द मराठीत राहिलेच. पुढे उत्तरेकडे जाणाऱ्या मराठी माणसाला तेच वाटखर्चीसारखे उपयोगी पडले.

परंतु नाते दोन्ही बाजूंनी सारखेच असते. मराठीला हिंदी जितकी जवळ, तितकीच हिंदीला मराठी. मग मराठी माणसाला जशी हिंदी येते, तशी हिंदी भाषकाला मराठी का येत नाही? डचांना इंग्रजी येते, पण इंग्रजांपैकी किती जणांना डच येते? 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख होते. हिंदी सांगणारे जवळजवळ 53 कोटी. लहान घरातला माणूस मोठ्या घरी कामानिमित्त जातो, मोठ्या घरचा लहान घरी क्वचित फिरकतो. तंजावरला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तमिळ आत्मसात केली. तमिळचे आणि मराठीचे कूळ एक नाही, तरी पिढ्यान्पिढ्यांच्या सहवासाने आणि गरजेने ती भाषा त्यांची झाली. नात्यामुळे वाट सोपी होते. त्या वाटेने जावे की नाही, हे गरज ठरवते. मराठी माणसाची हिंदी समजून घ्यायची तर त्याला उत्तरेकडे नेणाऱ्या गरजांचाच इतिहास पाहिला पाहिजे.

त्यांतली पहिली गरज राज्याची नव्हे, भक्तीची होती. संत नामदेव (1270–1350) पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे समाविष्ट आहेत. पंढरीच्या वाळवंटात मराठी अभंग गाणाऱ्या नामदेवांनी पंजाबातल्या श्रोत्यांसाठी त्यांना उमजेल अशा भाषेत पदे रचली. त्यांच्यापाशी व्याकरण नव्हते, परीक्षा नव्हती. समोरच्या माणसाच्या हृदयापर्यंत पोहोचण्याची निकड तेवढी होती, आणि ती पुरेशी ठरली.

दुसरी गरज राजकारणाची. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, तेव्हापासून दिल्लीत मराठ्यांचा वकील असणे अपरिहार्य झाले. हे काम पुढे बहुतांशी नाशिककडच्या हिंगणे घराण्याने सांभाळले. या वकिलांची भाषिक स्थिती मोठी विलक्षण होती. दरबाराचा पत्रव्यवहार फारसीत. अमीर-उमरावांशी बोलणे हिंदुस्थानीत. आणि पुण्याला पाठवायची बातमीपत्रे मोडी मराठीत. फारसी लिहिण्यासाठी वेगळा कारकून असे, त्याला पारसनवीस म्हणत. त्याचेच पुढे ‘पारसनीस’ हे आडनाव झाले. दिल्लीतील मराठ्यांच्या राजकारणाची ही पत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांनी संपादून छापली, त्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या आडनावातच तो सारा व्यवहार साठलेला आहे. ही पत्रे वाचताना जाणवते की वकिलांचे कान दिल्लीच्या बोलीत मुरले होते, पण मन आणि लेखणी मराठीच राहिली होती. परभाषा त्यांना साधन म्हणून हवी होती. घर बदलण्याची गरज त्यांना पडली नव्हती, कारण त्यांच्या पाठीशी पुण्याची सत्ता उभी होती.

1772 मध्ये महादजी शिंद्यांच्या आश्रयाखाली बादशहा शाहआलम दिल्लीत परतला, आणि पुढली तीन दशके राजधानीवर मराठ्यांचा प्रभाव कमीअधिक प्रमाणात टिकला. त्या काळात ग्वाल्हेर, इंदूर, धार, झाशी येथील दफ्तरांत मोडी मराठी चालत होती. माळव्याच्या आणि बुंदेलखंडाच्या मुलखात ज्यांना या दफ्तरांशी काम पडे, त्यांनाच तेव्हा मराठीची ओळख करून घ्यावी लागे. समुद्रावरच्या डच शब्दांसारखीच ही गोष्ट. 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या पूर्वतीरावर पटपडगंजजवळ जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे, आणि शेजारून जाणाऱ्या हजारो मोटारींतल्या फारच थोड्यांना त्याचा पत्ता असतो. त्या दिवसानंतर दिल्लीत मराठी ही सत्तेची भाषा उरली नाही. यानंतर जो मराठी माणूस उत्तरेत राहिला किंवा गेला, तो तिथल्या लोकांच्या भाषेत जगण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकाने या जगण्याला एक अनपेक्षित साहाय्य दिले, ते लिपीचे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, हे आज इतके स्वाभाविक वाटते की ते सदाचेच असावे असा भास होतो. वस्तुतः पेशवाईतला कारकून रोजचे लिखाण मोडीत करी. बाळबोध होती ती पोथ्यांची लिपी. दिल्लीतली हिंदुस्थानी मुख्यतः फारसी लिपीत लिहिली जाई. दोघांची रोजची पत्रे एकमेकांपुढे ठेवली असती तर एकालाही दुसऱ्याचे अक्षर लागले नसते. छापखान्याने बाळबोध स्वीकारली, शाळांतून ती घरोघर गेली. इकडे हिंदीनेही नागरीचा आग्रह धरला. 14 सप्टेंबर 1949 रोजी संविधानसभेने देवनागरीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हा मराठी मुलाला एक मोठी सवलत आपोआप मिळून गेली: नवी वर्णमाला घोकण्याचा काळ त्याला खर्चावा लागत नव्हता.

मग आली ती कानांची शाळा. डच लोकांच्या इंग्रजीचे एक कारण असे सांगितले जाते, की त्यांच्याकडे परदेशी चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मूळ आवाजातच दाखवतात, खाली डच अक्षरे उमटतात. शेजारी जर्मनीत तेच कार्यक्रम जर्मन आवाज भरून दाखवण्याचा प्रघात आहे. लहान बाजारपेठेला आवाज भरण्याचा खर्च परवडत नाही. त्या काटकसरीतून घरबसल्या भाषा शिकवणारा गुरू लाभला. महाराष्ट्रात हे काम हिंदी बोलपटाने केले, आणि त्याला खालच्या अक्षरांचीही गरज पडली नाही. 1932 मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत काढला. पुढे ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला, आणि 1941 मध्ये ‘शेजारी’चा ‘पडोसी’. मराठी नटनट्या दोन्ही भाषांत बोलू लागल्या, आणि प्रेक्षकांनाही दोन्ही कळू लागल्या. नभोवाणीने त्यात भर घातली. 1952 नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, ती पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांच्या कारकिर्दीत. त्यांचा हेतू शास्त्रीय संगीताला स्थान देण्याचा होता. पण श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली, आणि 1957 मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली तेव्हा ती गाणी घरी परत आली. कोल्हापूर-सोलापूरच्या ज्या मुलाने हिंदी भाषकाचे तोंडही पाहिले नव्हते, त्याच्या कानावर त्या भाषेचे शेकडो शब्द चालीसकट बसले होते. शाळेतला हिंदीचा तास त्यानंतर येई. वर्ध्याला 1936 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या परीक्षांनी या कानावरच्या हिंदीला वहीत उतरवले.

राजधानी दिल्लीला आल्यावर आणि विशेषतः स्वातंत्र्यानंतर सचिवालयात, सैन्याच्या कार्यालयांत, नभोवाणीत नोकरीसाठी आलेला मराठी माणूस हे सारे गाठोडे बांधून आला होता. पहाडगंजच्या परिसरात त्याने बृहन्महाराष्ट्र भवन उभारले, नूतन मराठी विद्यालय चालवले. याच शहरातून अनेक दशके मराठी बातम्या प्रसारित झाल्या. वृत्तविभागात मराठी बोलणारा निवेदक बाहेर पडून बसमध्ये चढला की कंडक्टरशी हिंदीत बोले, आणि त्यात काही विशेष केले असे त्याला वाटत नसे.

येथवरचा इतिहास सोपेपणाचा झाला. त्याच्या पलीकडे दुसरा इतिहास आहे, आणि तो कष्टाचा आहे. हिंदी बोलता येणे निराळे आणि हिंदीला काही देता येणे निराळे. माधवराव सप्रे (1871–1926) यांनी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा हिंदी कथेच्या आरंभीच्या कथांत गणली जाते; दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. काशीत 1883 मध्ये जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’ या दैनिकाचे संपादक झाले. ‘राष्ट्रपति’सारखा, आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 1943 मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहाने हिंदी काव्याला नवे वळण लावले. त्यातल्या सात कवींपैकी दोघांची, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे यांची, घरची भाषा मराठी होती. माचवे पुढे दिल्लीत साहित्य अकादमीचे सचिव झाले. या मंडळींना हिंदी सोपी गेली म्हणून ते मोठे झाले नाहीत. ज्या भाषेत बाजारहाट सहज होतो, त्याच भाषेत अचूक लिहिण्यासाठी त्यांनी तिला परकी मानून तिचा अभ्यास केला.

कारण जवळच्या भाषेत पाय घसरण्याचा धोका अधिक असतो. दूरची भाषा शिकणारा प्रत्येक पाऊल जपून टाकतो. जवळची भाषा बोलणारा डोळे मिटून चालतो. आत्मा, देह, अग्नी, वायू हे मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. मराठीतले नपुंसकलिंगी पुस्तक हिंदीत स्त्री होते. ‘आपत्ति’ म्हणजे तिकडे हरकत, इकडे संकट. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘व्यस्त’ माणूस तिकडे कामात गुंतलेला, इकडे हा शब्द गणितात प्रमाणाला लागतो. कार्यालयातल्या टिपणीवर ‘आपत्ति नहीं है’ हा शेरा पाहून नव्या मराठी कारकुनाला क्षणभर हायसे वाटावे, असाच हा प्रकार आहे. अशा चुका ऐकणारा समजून घेतो, आणि म्हणूनच त्या आयुष्यभर सुधारत नाहीत. काम भागते, तेवढ्यावर समाधान होते.

सोपेपणाची दुसरी किंमत याहून मोठी आहे, आणि ती आपल्या भाषेला मोजावी लागते. दिल्लीतल्या मराठी घराची पहिली पिढी मराठीत विचार करते आणि हिंदीत व्यवहार. दुसरी पिढी दोन्हींत सारखीच रमते. तिसऱ्या पिढीत नातू आजीचे बोलणे समजतो, पण उत्तर हिंदीत देतो. त्याच्या तोंडचा ‘ळ’ आधी पातळ होतो, मग ‘बाळ’ आणि ‘काळ’ यांचे ‘बाल’ आणि ‘काल’ होऊन जातात. तमिळ घरातही हे घडते, पण तिथे दोन भाषांमधली भिंत उंच असल्यामुळे ती कधी ओलांडली हे कळते. मराठी आणि हिंदी यांच्यामध्ये नुसता उंबरठा आहे. मूल कधी पलीकडे गेले ते घरालाही कळत नाही. नेदरलँड्समध्ये विद्यापीठांतले शिक्षण मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतून होऊ लागले, तेव्हा तिथेही हाच प्रश्न उभा राहिला. जी भाषा इतकी सहज येते तिच्यामुळे डचचे शास्त्रीय लेखन ओसरणार तर नाही ना, या चिंतेने अलीकडच्या वर्षांत तिथल्या शासनालाही लक्ष घालावे लागले. बाजारात कोणती भाषा बोलावी हे गरज ठरवते. घरात कोणती बोलावी, हा निर्णय मात्र घरानेच करायचा असतो.

असा निर्णय करता येतो, याची उदाहरणे आहेत. साताऱ्यात 1885 मध्ये जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजरातीत एवढे समरसले, की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. हिंदीच्या प्रसारासाठी त्यांनी आयुष्य वेचले आणि 1981 मध्ये दिल्लीतच देह ठेवला. तरी मराठीत लिहिणे त्यांनी सोडले नाही. मुक्तिबोधांच्या एकाच घरात दोन भाऊ कवी झाले. गजानन हिंदीचे, शरच्चंद्र मराठीचे. 11 सप्टेंबर 1964 रोजी गजानन माधवांचा दिल्लीत मृत्यू झाला तेव्हा हिंदी साहित्याने आपला एक मोठा कवी गमावल्याचा शोक केला; शरच्चंद्रांना 1979 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो मराठी ग्रंथासाठी. एकाने दुसऱ्याची भाषा चुकीची ठरवली नाही.

1954 मध्ये दिल्लीत मराठी साहित्य संमेलन भरले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते आणि उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. त्यानंतर राजधानीला दुसऱ्या संमेलनासाठी फेब्रुवारी 2025 पर्यंत थांबावे लागले. तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तालकटोरा मैदानावर ते भरले, तेव्हा मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून पाच महिनेही झाले नव्हते. या दोन संमेलनांच्या मधल्या 71 वर्षांत दिल्लीतल्या मराठी घरांच्या तीन पिढ्या सहज होऊन गेल्या. पहिल्या संमेलनाला जो तरुण कारकून म्हणून गेला असेल, त्याचा नातू दुसऱ्या संमेलनाच्या वेळी पस्तिशी-चाळिशीत असणार. त्याला हिंदी उत्तम येते, हे कोणी सांगायला नको. आजोबांनी महाराष्ट्रातून आणलेली पुस्तके घरातल्या कपाटात अजून असतील. त्यांची लिपी त्याला वाचता येते, कारण ती त्याच्या हिंदीचीच लिपी आहे. कपाट उघडणे तेवढे बाकी आहे.